सुपर ८ ची जुनी रिळं गुलाबी का पडतात? गेलेले रंग परत आणता येतात का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरी बघायला म्हणून विकल्या जायच्या त्या जुन्या सिनेमांच्या आणि कार्टूनच्या सुपर ८ (८ मिमी रुंद फिल्मच्या) प्रिंटची एक पेटी हाती आली. काही रिळं तर प्रोजेक्टरवर कधी चढलीच नसतील, इतकी कोरी. तरी निम्मी गुलाबी आणि निम्मी अजून छान. असं का झालं, रंग परत आणणारं काही द्रावण मिळतं का, आणि पुढे अशा प्रिंट विकत घ्याव्यात का?

द्रावणाचं आधी सांगून टाकतो, कारण त्यावर पैसे घालवणारे बरेच भेटतात. असं द्रावण नाही. फिल्मला लावायला जी द्रावणं मिळतात ती सफाईची किंवा वंगणाची असतात. त्यांनी धूळ आणि तेलकटपणा जातो, फिल्म प्रोजेक्टरच्या गेटमधून, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीतून, सुरळीत सरकते, एवढंच. रंग गेला म्हणजे ते रंगद्रव्यच मोडून गेलेलं असतं. पुसून ते वर येणार कुठून?

आता गुलाबीच का, ते. रंगीत प्रिंटमध्ये तीन थर असतात: निळसर-हिरव्या छटेचा सायन, गडद गुलाबी छटेचा मजेंटा आणि पिवळा. प्रिंट धुताना त्या त्या थरात रंगद्रव्य तयार होतं आणि चांदी धुवून काढली जाते, म्हणजे चित्र फक्त रंगद्रव्यांच्याच जिवावर उभं राहतं. १९५० साली आलेल्या कोडॅकच्या ईस्टमनकलर पद्धतीच्या प्रिंट फिल्ममध्ये, १९८० च्या आसपासपर्यंत, यातला सायन फार कच्चा होता. पिवळाही फारसा टिकाऊ नव्हता. मजेंटा मात्र चिवट. पहिले दोघे निघून गेले की मागे जे उरतं ते तुम्हाला दिसतंय.

बहुतेकांना वाटतं की प्रोजेक्टरच्या दिव्याने रंग उडाले. इथे तसं नसतं. सायन उडायला उजेड लागतच नाही. डब्यातल्या अंधारात, नुसत्या उष्णतेने आणि दमटपणाने तो हळूहळू मोडत राहतो. म्हणून तुमची कोरी रिळंच जास्त गुलाबी निघाली असतील तर नवल नाही. विक्रेता ‘एकदाही चालवलेली नाही’ असं सांगतो तेव्हा ओरखडे नसतील एवढीच खात्री मिळते. रंगाबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

आणि एकाच पेटीतली निम्मी चांगली का? कारण ती वेगळ्या फिल्मवर छापलेली आहेत. कंपनी तीच, शीर्षक तेच, डब्यावरचं चित्रही तेच. पण लॅबमध्ये त्या खेपेला जी न छापलेली फिल्म असेल तिच्यावर प्रिंट निघायची. माझ्याकडे एका कार्टूनच्या दोन प्रिंट आहेत. एकीत आकाश अजून निळं आहे, दुसरीत ते फिकट लालसर झालंय आणि खालचं गवत तपकिरी. म्हणून माझं मत पक्कं झालंय: घेताना सिनेमा कोणता यापेक्षा तो कुठल्या फिल्मवर छापलाय ते बघायचं.

कृष्णधवल प्रिंटची चिंता नको, त्यांत चित्र चांदीचं असतं. रंगीतमध्ये कोडॅकचीच कोडाक्रोम सर्वात भरवशाची. १९३५ साली आलेल्या या फिल्मचं रंगद्रव्य अंधारात विलक्षण टिकतं, त्यामुळे घरच्यांनी कॅमेऱ्यावर काढलेली जुनी कोडाक्रोम रिळं आजही टवटवीत दिसतात. गंमत म्हणजे तिचं दुखणं उलटं आहे: ती सतत दिव्यासमोर धरली तर फिकी पडते. जुन्या १६ मिमी प्रिंटमध्ये टेक्निकलरच्या रंग-हस्तांतर पद्धतीच्या प्रिंट मिळतात. त्यात तयार रंग फिल्मवर ठशासारखे उमटवले जात, त्यामुळे टिकाऊ रंग निवडण्याची मुभा होती. अशी प्रिंट समोर आली तर फार घासाघीस करू नका. ईस्टमनच्या फिल्मची कथा मात्र इतकी वाईट होती की १९८० मध्ये अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी चित्रपटसृष्टीतल्या लोकांना एकत्र करून कोडॅककडे टिकाऊ फिल्मची मागणी लावून धरली. त्यानंतर थोड्याच काळात कमी उडणाऱ्या रंगांची प्रिंट फिल्म सर्रास आली, आणि त्यापुढच्या सुपर ८ प्रिंट बहुधा चांगल्या अवस्थेत सापडतात.

काठावरची अक्षरं वाचायची सवय लावा. १६ मिमीवर ‘एलपीपी’ (ती नंतरची, कमी उडणाऱ्या रंगांची फिल्म) दिसलं तर निर्धास्त राहा. ‘एसपी’ (आधीची, रंग उडणारी ईस्टमन फिल्म) दिसलं तर ती गुलाबी झालेली असणार किंवा होण्याच्या वाटेवर असणार. सुपर ८ मध्ये मात्र हा आधार अनेकदा मिळत नाही. रुंद फिल्मवर शेजारीशेजारी ओळी छापून नंतर त्या कापल्या जायच्या, त्यामुळे अक्षरं कापली जातात किंवा येतच नाहीत.

मग डोळ्यांनीच तपासायचं. सुपर ८ ची चौकट जेमतेम ४ मिमी उंच असते, तेव्हा आठ-दहा पट मोठं दाखवणारं भिंग हवं. रिळाच्या सुरुवातीचा कोरा तुकडा सोडून आतली फिल्म थोडी उलगडा आणि पांढऱ्या उजेडासमोर, मागे पांढरा कागद धरून बघा. पिवळ्या बल्बसमोर बघू नका, त्यात सगळंच उबदार दिसतं. चेहरे आणि सूर्यास्त फसवतात. दोन चौकटींमधली काळी रेघ आणि सावल्यांचा गडद भाग बघा. काळं खरंच काळं असेल तर प्रिंट शाबूत आहे. ते तपकिरीकडे झुकलं असेल तर सायन निघायला लागलाय. वाइनसारखं लाल दिसलं तर विषय संपला. त्यानंतर एखादं झाड किंवा निळा कपडा शोधा. हिरवा आणि निळा हे दोन्ही सायनशिवाय बनत नाहीत, म्हणून तेच आधी मरतात.

ऑनलाइन विकत घेताना विक्रेत्याकडून पडद्याचा फोटो नको, अशा उलगडलेल्या फिल्मचा फोटो मागा. पडद्याचा फोटो कॅमेरा आपोआप सुधारून टाकतो. आपले डोळेही तेच करतात: अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ गुलाबी चित्र बघत बसलं की ते तितकंसं गुलाबी वाटेनासं होतं. आणि वर्णनात ‘रंग किंचित उबदार’ असं आलं, तर संग्राहकांच्या बोलीत त्याचा अर्थ गुलाबी असाच घ्या.

गुलाबी प्रिंट घ्यावी का, तर सहज दुसरीकडे मिळणारं शीर्षक असेल तर घेऊ नका. दुर्मीळ आवृत्ती असेल, किंवा सिनेमाची ती कापून जोडलेली प्रत आता दुसऱ्या कुठल्याच रूपात नसेल, तर जरूर घ्या, पण किंमत गुलाबीचीच द्या. प्रोजेक्टरच्या भिंगापुढे फिकट सायन फिल्टर धरला की लाली थोडी मवाळ होते. मात्र उजेड कमी होतो आणि पांढऱ्या भागांवर सायनची झाक येते. काळं मात्र काळं होत नाही, कारण जे फिल्ममध्येच नाही ते फिल्टर कुठून आणणार.

स्कॅन केल्यावर बराच फरक पडतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सायन लाल प्रकाश अडवतो. तो उडाला की स्कॅनमधला लाल भाग सपाट होतो, पण अगदी कोरा होत नाही. पुसट का होईना, चित्र शिल्लक असतं. ते ताणून वर आणता येतं. त्यासाठी स्कॅन जास्त बिटचा आणि रंग न बदलता करून घ्या. दुकानदाराने स्वतःच ‘दुरुस्त’ करून दिलेली छोटी फाइल घेतलीत तर ताणायला काही उरत नाही. खूप ताणलं की दाणे वर येतात, सावल्यांमध्ये चिखल होतो, तिथे थांबायचं.

या सगळ्यात एक गोष्ट रंगापेक्षा तातडीची आहे, ती म्हणजे वास. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा अॅसिटेट पायाच कुजतोय. ही क्रिया स्वतःच स्वतःला वाढवत नेते. निघणारं आम्ल पुढची कूज घडवतं आणि ते शेजारच्या रिळांनाही बाधू शकतं. पुढे फिल्म आकसते, वाकते, तिची काठावरची छिद्रं प्रोजेक्टरच्या दातऱ्यांशी जुळेनाशी होतात. आवाजाची तपकिरी चुंबकीय पट्टी असलेल्या रिळांकडे जास्त लक्ष द्या, त्यातला लोहाचा अंश या कुजण्याला हात देतो. नुकतीच सुरुवात असेल तर नाकाला कळणार नाही. त्यासाठी ए-डी पट्ट्या मिळतात, डब्यात ठेवल्या की आम्लाप्रमाणे निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. पॉलिएस्टरच्या प्रिंटना हा रोग होत नाही. गुंडाळलेलं रीळ बाजूने उजेडाकडे धरा; काठातून उजेड झिरपला तर बहुधा पॉलिएस्टर. ते तुटत मात्र नाही, त्यामुळे अडकलं तर प्रोजेक्टरचंच नुकसान होतं.

तुमच्या पेटीचं म्हणाल तर आधी वासाची रिळं वेगळ्या खोलीत न्या आणि स्कॅन करायचंच असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करा. गुलाबी पण बिनवासाची त्यानंतर. जी अजून चांगली आहेत त्यांना थंड आणि कोरडी जागा द्या. माळा, गच्चीखालची खोली, स्वयंपाकघराशेजारचं कपाट, हे नको. घट्ट बंद पत्र्याच्या डब्यांपेक्षा हवा खेळणारे प्लास्टिकचे डबे बरे. एखादं रीळ फारच मोलाचं असेल तर ते कोरड्या दिवशी दोन घट्ट पिशव्यांमध्ये बंद करून फ्रीझरमध्ये ठेवता येतं, आणि रंग उडण्याचा वेग तिथे खूपच मंदावतो. फक्त बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका. रीळ खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे रात्रभर, तसंच राहू द्या. नाहीतर गार फिल्मवर दव धरतं आणि इमल्शनची, म्हणजे चित्र असलेल्या थराची, वाट लागते.