मेडिकल फिजिक्सला जायचं म्हणतेस तर

प्रिय बेटा,

तुझ्या मामानं तुझा मेसेज मला फॉरवर्ड केला. सर-बिर म्हणू नको, काका म्हण. तू एका दमात सगळं विचारून टाकलंस, कोर्स कुठला, फी किती, नोकरी लागते का, रेडिएशननं काही होतं का, आणि शेवटी घरचे म्हणतात हे डॉक्टर का कंपाउंडर. जमेल तसं लिहितो, क्रम काही धरू नको, फी आणि नोकरीचं भेटल्यावर बोलू.

घरच्यांचंच आधी घेतो कारण गावात तुला हे रोज ऐकावं लागणार आहे. रेडिओथेरपीत, म्हणजे रेडिएशननं कॅन्सरवर उपचार करताना, डॉक्टर ठरवतात गाठ कुठं आहे, किती डोस द्यायचा आणि आजूबाजूचं काय वाचवायचं. मशीन तेवढाच डोस नेमका तिथंच देते की नाही, हे बघणारा आणि त्यावर सही करणारा माणूस म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट. आता आपल्याकडचाच पेशंट घे, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गालाचा कॅन्सर झालेला. ऑपरेशननंतर त्याला साधारण 60 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) द्यायचे असतात, रोज 2 ग्रे, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. आणि मानेतून जी मज्जारज्जू जाते तिला 45 ग्रेच्या आसपासच आवरायचं असतं, नाही तर माणसाचे हातपाय जाऊ शकतात. गाठ आणि मज्जारज्जू यांच्यात काही सेंटिमीटरचं अंतर, त्यात हे सगळं बसवायचं. चेहऱ्यावर जाळीचा मास्क बनवतात, ती प्लॅस्टिकची शीट गरम पाण्यात साधारण 70 डिग्रीला मऊ करून तोंडावर ओढून बसवतात आणि थंड झाली की ती कडक होते, मग रोज तोच मास्क, तीच पोझिशन. हे कंपाउंडरचं काम नाही बेटा, आणि डॉक्टरचंही नाही. आईबाबांना हेच सांग.

रस्ता असा आहे. फिजिक्स मेन असलेली बीएस्सी, मग एमएस्सी फिजिक्स, त्यानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. यातला सगळ्यात जुना बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, मुंबईत अणुशक्तीनगरला, 1962 पासून चालू आहे. दुसरा रस्ता थेट एमएस्सी मेडिकल फिजिक्सचा, तो आपल्या राज्यात कोल्हापूरला डी. वाय. पाटीलमध्ये आहे, चेन्नईला अण्णा युनिव्हर्सिटीत आहे, आणखीही आहेत. तुझी एमएस्सी फिजिक्स होतच आली आहे तर माझ्या मते पहिला प्रयत्न बीएआरसीचाच कर, त्याची तयारी आत्तापासून धर. दोन्ही रस्त्यांनी गेलं तरी पुढं रेडिओथेरपी डिपार्टमेंटमध्ये किमान 12 महिन्यांची इंटर्नशिप लागतेच आणि मग आरएसओची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची लेव्हल तीनची परीक्षा. हे नियम एईआरबीचे, अणुऊर्जेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था आहे ती, 1983 पासूनची. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, कुठल्याही कॉलेजनं मेडिकल नाव लावून कोर्स काढला तरी तो एईआरबीच्या पात्रतेत बसतो का हे बघितल्याशिवाय एक रुपया भरू नको. कापसाचे पैसे आहेत ते बाबांचे. आणि इंटर्नशिपची सोय ते स्वतः करून देतात का तुला वणवण करायला लावतात, हेही ॲडमिशनच्या आधी विचार, लेखी विचार.

आता इंटर्नशिप. इथं मला खरं बोलायचं आहे, बाकी माहिती तुला कुठंही मिळेल.

पोरं मोठं नाव बघतात, नवीन मशीन कुठं आलंय ते बघतात, आणि मग वर्षभर कम्प्युटरसमोर बसून पेशंटच्या ट्रीटमेंटचे प्लॅन करतात. प्लॅनिंग यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, पण सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं तो कुणीतरी आधी मोजून त्यात भरलेला असतो. तो मोजणारा हात तुझा झाला पाहिजे. म्हणून जिथं तुला स्वतः चेंबर, म्हणजे डोस मोजायचं साधन, धरू देतील, पाण्याचा फँटम, म्हणजे पेशंटच्या जागी ठेवायची पाण्याची टाकी, लावू देतील, आऊटपुट, म्हणजे मशीन किती डोस देतं ते, काढू देतील आणि मग सीनियर तो तपासेल, अशी जागा निवड. मशीन जुनं असू दे, कोबाल्टचं असलं तर उलट बरंच, त्यातला किरणोत्सारी सोर्स 5.27 वर्षांत निम्मा होणारा, दर महिन्याला एका टक्क्याच्या आसपास कमी होतो आणि तेवढाच ट्रीटमेंटचा टाइम वाढतो, हे हातानं गणित केल्याशिवाय अंगात भिनत नाही. ब्रॅकीथेरपीत, म्हणजे सोर्स गाठीच्या आत किंवा अगदी जवळ नेऊन देतात त्या उपचारात, वापरायचा इरिडियम तर 74 दिवसांतच अर्धा.

मोजणं म्हणजे काय ते सांगतो. टाकीत पाणी भरायचं, त्यात 10 सेंटिमीटर खोलीवर चेंबर, 10 बाय 10 सेंटिमीटरचं फील्ड, म्हणजे बीमचा चौकोन, पाण्याच्या पृष्ठभागापासून सोर्स 100 सेंटिमीटर. अंतर 1 सेंटिमीटरनं चुकलं की डोस साधारण 2 टक्क्यांनी बदलतो. चेंबरच्या आत जी इवलीशी हवा असते ती बाहेरच्या हवेला जोडलेली, म्हणून तापमान आणि दाब दोन्हीचं करेक्शन करावं लागतं. तापमान 3 डिग्रीनं चुकलं की जवळजवळ एक टक्का गेला. मे महिन्यात आपल्याकडं गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल असं असतं, ते फँटममध्ये भरून लगेच रीडिंग घेतलं तर काय होईल तूच विचार कर. पाणी आदल्या दिवशी भरून एसीच्या खोलीत ठेवायचं, सकाळी पाण्यातच थर्मामीटर टाकून बघायचं, भिंतीवरच्या एसीचा आकडा लिहायचा नाही.

दाबाचं तर त्याहून वाईट. पुस्तकात 101.325 किलोपास्कल लिहिलेलं असतं, पण नागपूर समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या थोडं वर आहे, तिथं खरा दाब 97-98 च्या आसपास भरतो. मोबाइलवरचं हवामानाचं ॲप जो दाब दाखवतं तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला बदलून दिलेला असतो. तो आकडा कुणी फॉर्म्युल्यात टाकला तर डोस तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी दिसणार, मग तो मशीन वर चढवणार, आणि उद्यापासून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला तेवढा जास्त डोस जाणार. महिन्याच्या तपासणीत आपण 2 टक्क्यांच्या वर फरक चालवून घेत नाही आणि इथं एका ॲपच्या भरवशावर साडेतीन गेले! म्हणून डिपार्टमेंटचा स्वतःचा बॅरोमीटर पाहिजे. इंटर्नशिपसाठी जाशील तिथं पहिल्याच आठवड्यात विचार, बॅरोमीटर कुठं आहे आणि शेवटचा कॅलिब्रेट कधी झाला. उत्तर काय येतं त्यावरून ती जागा कशी आहे हे तुला कळेल.

पनामाचं प्रकरण तुला अभ्यासात येईलच. 2000-2001 मध्ये तिथल्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ब्लॉकची, म्हणजे निरोगी भागावर बीम अडवणाऱ्या ठोकळ्यांची, माहिती सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या पद्धतीनं भरली गेली, सॉफ्टवेअर काही बोललं नाही, आणि ट्रीटमेंटचा टाइम जवळजवळ दुप्पट निघाला. 28 पेशंटना जास्तीचा डोस गेला, त्यातले काही त्यामुळंच दगावले. कागदावर हातानं एकदा टाइम काढून बघितला असता तर पहिल्याच पेशंटला सापडलं असतं. मला हे आठवलं की आजही राग येतो. ज्या दिवशी तुझ्या हिशोबाचा आणि मशीनचा मेळ बसणार नाही त्या दिवशी बाहेर कितीही पेशंट बसलेले असोत, मशीन थांबवायचं. डॉक्टर ओरडतील, टेक्निशियन वैतागतील, ऐकून घ्यायचं आणि परत मोजायचं. हा अधिकार तुझ्या सहीत असतो.

आणि हो, तू खेड्यातली आहेस, वऱ्हाडी बोलतेस, याचा कमीपणा अजिबात वाटू देऊ नको. पेशंट येतात वणीहून, आर्णीहून, गडचिरोलीहून, एसटीनं, सहा आठवडे धर्मशाळेत राहतात. पेरणी आली की जीव तिकडं ओढतो, पोळ्याला गावी गेले की चार दिवस येत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मधे खंड पडला की गाठीला परत वाढायला वेळ मिळतो, मग राहिलेला डोस कसा भरून काढायचा ते डॉक्टर आणि तू मिळून बसवणार. पण खंड पडूच नये म्हणून एखाद्या म्हाताऱ्याला "बाबाजी, बैलं पोरगं धुवन, तुमी शेक चुकवू नका जी" (शेक म्हणजे हीच ट्रीटमेंट) असं त्याच्या बोलीत सांगणारं कुणी असलं तर तो थांबतो. हे मी बघितलंय.

आता आईची काळजी, रेडिएशन आणि पुढं लग्न, मूलबाळ. लिनॅक, म्हणजे विजेवर रेडिएशन तयार करणारं मशीन, बंद असला की त्यातून बीम निघत नाही. चालू असताना आत फक्त पेशंट असतो, दार उघडलं की बीम बंद होतो, आणि बीमच्या समोरच्या भिंतीचं काँक्रीट दोन मीटरच्या वर जाडीचं असतं. तुझ्या छातीवर टीएलडी बॅज राहील, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट (अंगावर पडणाऱ्या रेडिएशनचं माप) ही मर्यादा आहे, नीट चालणाऱ्या रेडिओथेरपी डिपार्टमेंटमध्ये फिजिसिस्टचा बॅज त्याच्या जवळपासही जात नाही. गरोदरपणात तर नियम आणखी कडक, कळवल्यापासून पोटातल्या बाळाला 1 मिलीसिव्हर्टच्या आतच. बायका या कामात आहेत, बाळंतपणं होऊन परत रुजू झालेल्या आहेत. आईला एकदा सोबत घेऊन ये, मशीन बंद असताना बंकर, म्हणजे मशीनची ती जाड भिंतींची खोली, आतून दाखवतो आणि माझ्या बॅजचे रिपोर्टही दाखवतो, तिला वाचता येत नसतील तर तू वाचून दाखव.

येताना बीएस्सीच्या सगळ्या मार्कशीटच्या झेरॉक्स आण, फॉर्ममध्ये टक्केवारी कशी धरायची ते बसून बघू.

तुझा,
काका