'स्पँगल' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? 'चमकणे' म्हणून वापरलं तर चालेल का?

सहसा नाही. स्पँगल म्हणजे एखाद्या गोष्टीवर बारीक चकचकीत टिकल्या जडवणे. मुळात ते नाम, कपड्यावर शिवायची धातूची छोटी टिकली; क्रियापद त्यावरून आलं. म्हणून चमक एकसंध नको, ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेली हवी. अमेरिकेच्या राष्ट्रगीतातला 'स्टार-स्पँगल्ड बॅनर' (गीतकार फ्रान्सिस स्कॉट की, १८१४) म्हणजे तारे जडवलेला झेंडा. झेंडा लखलखतोय असा त्याचा अर्थ नाही.

वापरात बहुतेक वेळा 'स्पँगल्ड विथ' हेच रूप दिसेल:

- द ग्रास वॉज स्पँगल्ड विथ ड्यू: गवतावर दवाचे थेंब चमकत होते. हे बरोबर.
- हर रिंग स्पँगल्ड: हे खटकतं. अंगठीला 'स्पार्कल्ड' म्हणा.

'चमचमणे' हा अर्थही शब्दकोशात सापडतो, पण फार क्वचित वापरतात. शिवाय शब्द वर्णनात्मक लेखनातला आहे. ऑफिसच्या मेलमध्ये घातलात तर विनोदी वाटेल. कारखान्यात मात्र नाम म्हणून सर्रास चालतो: गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताची फुलाफुलांची नक्षी दिसते ना, तिला स्पँगलच म्हणतात.