वाचक विचारतात : शाळेच्या खोलीत पैठणी आणि मोडी कागदांचे प्रदर्शन

प्रश्न : शाळेच्या एका खोलीत गावातल्या जुन्या वस्तू कायमच्या मांडायच्या आहेत. एक पैठणी, काही मोडी कागद आणि तांब्याची भांडी जमली आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : कपाटे विकत घेण्याआधी खोलीतून काय सांगायचे आहे ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात न बसणारी वस्तू पेटीतच राहू द्या. गर्दी झाली की ते भांड्यांचे दुकान दिसते.

खरी काळजी पैठणी आणि कागदांची. दोन्हींवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेड नको, ऊन तर मुळीच नको. उडालेला रंग परत येत नाही. म्हणून मूळ मोडी कागद तीन महिन्यांनी बदला, किंवा सरळ छायाप्रत लावा आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर द्या. लोक वाचतात ते लिप्यंतरच. पैठणी घडी घालून खिळ्याला टांगू नका: वजनाने रेशीम घडीवर तुटते. थोड्या उतरत्या फळीवर, आम्लमुक्त कागद अंथरून पसरा. बंद कपाटात नवे प्लायवूड, लोकरी कापड किंवा रबर नको. लाकडातून आम्लाची वाफ सुटते, लोकर-रबरातल्या गंधकाने पैठणीतली चांदीची जरतार काळवंडते. तांब्याला चिंच लावून चकाकी आणण्याचा मोह आवरा, हातमोजे घालून फक्त कोरडी धूळ पुसा.

माहितीफलक पन्नास शब्दांत, 24 पॉइंट अक्षरांत. भिंतीवरच्या चौकटींचा मध्य जमिनीपासून सुमारे 145 सेंटीमीटरवर, लहान मुलांसाठी आणखी खाली.