वाचकांचे प्रश्न : पंचेचाळीस मुलं, दोन कॅमेरे आणि उडालेला निळा रंग

आठवीच्या वर्गात ४५ मुलं आहेत. मुलांना मोबाइल आणायला बंदी. शाळेचा एक टॅब आणि माझा मोबाइल, एवढंच साधन. ३५ मिनिटांच्या तासिकेत फोटोग्राफीचं काम द्यायचं कसं?
— कलाशिक्षक, सांगली जिल्हा

निम्म्याहून जास्त काम मोबाइलशिवाय होतं. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात ४ × ६ सेंमीची खिडकी कापा. एक डोळा मिटून मुलांनी त्यातून बघायचं. पुठ्ठा डोळ्याजवळ धरला की खूप मावतं, हात लांब केला की थोडंच. जे आवडेल त्याची काडेपेटीएवढ्या चौकोनात पेन्सिलने तीन कच्ची रेखाटनं काढायची आणि एकावर खूण करायची. यात वीस मिनिटं जातात. मग प्रत्येकाला एकच फोटो. अर्ध्या मिनिटाला एक मूल धरलं तरी दोन यंत्रांवर बारा मिनिटांत वर्ग आटोपतो, कारण काय टिपायचं ते आधीच कागदावर ठरलेलं असतं.

विषय मात्र ‘आपली शाळा’ असा देऊ नका. पंचेचाळीसपैकी तीस जण ध्वजस्तंभ आणतील. ‘खिडकीत ठेवलेला स्टीलचा पेला’ असं काहीतरी नेमकं द्या: उजेड समोरून, बाजूने, मागून आणि चौथ्यांदा बाजूने पण पलीकडे पांढरा कागद उभा करून. चार गट, चार उजेड. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात मुलं सावली सगळीकडे सारखीच घासतात. पेल्याच्या कडेला सावली गडद आणि बुडाशी पुन्हा थोडी उजळ का, हे या चार फोटोंत दिसतं.

खिडकीशी बसलेल्या आजीचा फोटो काढते तेव्हा चेहरा काळा येतो. फ्लॅश लावला तर चेहरा पांढराफटक.
— नववीतली विद्यार्थिनी, नाशिक

आधी लेन्स सुती कापडाने पूस. बोटाचा तेलकट ठसा असला की खिडकीचा उजेड फोटोभर धुक्यासारखा पसरतो.

मोबाइल साऱ्या दृश्याचा मिळून उजेड मोजतो. बाहेर लख्ख ऊन असलं की तो फोटो गडद करतो आणि चेहरा अंधारात जातो. आजींच्या गालावर बोट दाबून धर, तिथला उजेड पक्का होईल. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकव. बाहेरचं अंगण पांढरं पडेल, पण तुला अंगण नकोच आहे.

याहून सोपं म्हणजे आजींची खुर्ची वळवायची. खिडकी त्यांच्या एका गालाच्या बाजूला, तिरकी, साधारण हातभर लांब. दुसऱ्या गालाकडे दीड-दोन फुटांवर थर्मोकोलची शीट किंवा पांढरी उशी धर. डोळ्याखालची काळी सावली उजळेल. ट्यूबलाइट बंद कर, नाहीतर एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्याच. आणि झूम करू नकोस, स्वतः दोन पावलं पुढे जा.

रसायनं मागवून आवारातल्या पानांचे सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारे निळे छाप, केले. काही कागद धुतानाच पांढरे झाले. जे टिकले, त्यांचा निळा रंग चार-पाच दिवसांत पिवळट पडला. पाणी बोअरचं आहे.
— कलाशिक्षिका, लातूर

हे दोन वेगळे आजार आहेत.

धुताना रंग गेला म्हणजे बहुधा ऊन कमी पडलं. कागदावर लावलेला रसायनांचा थर उन्हात आधी पिवळसर हिरवा, मग निळा आणि शेवटी राखाडी होतो. निळा झाला की आपल्याला वाटतं, झालं. पण राखाडी येईपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यातल्या भर दुपारी पाच ते आठ मिनिटं, ढगाळ दिवशी अर्धा तासही लागतो. रसायन लावलेल्या कागदाच्या एका पट्टीवर पुठ्ठा ठेवून दर दोन मिनिटांनी थोडा मागे सरकवा. कोणता पट्टा धुण्यात टिकला ते बघा आणि त्या दिवशी तेवढाच वेळ सगळ्यांना द्या.

धुताना रंग जाण्याचं दुसरं कारण ओल. थर जाड झाला किंवा नीट वाळला नाही तर रंग कागदात मुरत नाही, वरच बसतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. ताजी पानंही पाणी सोडतात. ती दोन दिवस वर्तमानपत्रात दाबून ठेवा. वर साधी काच ठेवून चिमटे लावले नाहीत तर पानाची कड उचलली जाते आणि खालून ऊन शिरतं.

प्रमाण असं: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलि पाण्यात. दोन्ही तपकिरी बाटल्यांत वेगवेगळी ठेवायची आणि लावायच्या वेळी समसमान मिसळायची. पोस्टकार्डाएवढ्या ४५ कागदांना २० + २० मिलि पुरतं, सांडलवंड धरून. फोमचा ब्रश वापरा. केस लोखंडी पत्र्याने बांधलेल्या ब्रशमुळे निळे ठिपके पडतात. मिसळण्याचं काम शिक्षकांनीच हातमोजे घालून करायचं. बाथरूम धुण्याचं ॲसिड या बाटल्यांच्या जवळपासही नको, तीव्र आम्लाशी फेरीसायनाइडमधून विषारी वायू निघू शकतो.

आता पिवळट पडण्याचं. हा निळा रंग आम्लात टिकतो, अल्कलीत म्हणजे सोडा-साबणासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थांत मरतो. खात्री करायची तर एका वाया गेलेल्या निळ्या तुकड्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका: बघता बघता त्या जागी पिवळसर डाग उरतो. क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात तेच घडतं, फक्त सावकाश. साबण लागलेली बादली, किंवा खडूची भुकटी घातलेला गुळगुळीत कागद, हेही तितकेच दोषी. चित्रकलेची स्वस्त शीट सोडून वॉटरकलरचा कागद घ्या. पहिली धुणी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून, दोन मिनिटं. नंतर साध्या पाण्यात पिवळा रंग सुटायचा थांबेपर्यंत, पाच-आठ मिनिटं. त्यासाठी पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी मिळालं तर उत्तम. बोअरच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवू नका. छाप वाळल्यावर दिवसभरात आणखी गडद होतो.

भिंतीवर उन्हात लावलेला छाप फिकटला असेल तर तो अंधाऱ्या कपाटात काही दिवस ठेवा, बराचसा रंग परत येतो. अल्कलीने गेलेला मात्र येत नाही.

जॉन हर्शेल यांनी ही पद्धत १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळाचे असे छाप पुस्तकरूपात काढायला घेतले. तुमच्या मुलांनाही पानाखाली पानाचं नाव लिहायला लावा. जीवशास्त्राच्या शिक्षकांनाही ते वापरता येईल.

प्रदर्शनासाठी ४ × ६ च्या प्रिंट काढल्या, तर आडव्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेची डोकी कापली. दुकानदार म्हणतो, फोटोच तसा आहे.
— पालक, ठाणे

दोघांचंही थोडं बरोबर आहे. बहुतेक मोबाइलचा फोटो ४:३ असतो आणि ४ × ६ इंची कागद ३:२. आडवा फोटो कागदभर बसवला की उंचीतला नववा भाग जातो. फोटो काढतानाच वर-खाली मोकळी जागा सोडा किंवा दुकानात पांढरी किनार ठेवून पूर्ण फोटो छापायला सांगा. फाइल व्हॉट्सॲपने पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवली की ती लहान होते. या आकाराच्या चांगल्या प्रिंटला निदान १२०० × १८०० पिक्सेल हवेत.

घरी दिलेल्या कामात मुलं इंटरनेटवरचे किंवा फिल्टर मारलेले फोटो आणतात. गुण कसे द्यावेत?
— कलाशिक्षक, फोंडा

निवडलेल्या तीन फोटोंबरोबर टाकून दिलेले बारा फोटोही मागा आणि प्रत्येक निवडीखाली एक वाक्य: ‘दुसरा का नको?’ वीसपैकी आठ गुण त्या वाक्यांना ठेवा. डाउनलोड केलेल्या फोटोला टाकून दिलेली भावंडं नसतात.