आधी आजोबांचा दाखला शोध

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. चार पानांत एकच प्रश्न तू तीनदा विचारलास, "अनुसूचित जमातीतून (एसटी) एमबीबीएसला किती मार्क लागतात?" त्याचं उत्तर देते, पण आधी तू न विचारलेलं विचारते. तुझ्या आजोबांचा शाळेचा दाखला घरात आहे का? नसेल तर दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस पुस्तकं बाजूला ठेव आणि तो शोध.

हसू नकोस. १९९६ साली माझा नंबर लागला तेव्हा नीट ही देशभराची प्रवेश परीक्षा नव्हती आणि राज्याची सीईटीही नव्हती, बारावीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे. मार्क होते, जातीचा दाखला होता, पडताळणी मात्र झाली नव्हती. प्रवेश 'तात्पुरता' मिळाला आणि तो शब्द चार वर्षं उशाशी घेऊन मी झोपले. आबा एसटी बसवर कंडक्टर. ड्यूटी नसली की पिशवी घेऊन पडताळणीच्या कार्यालयात. दरवेळी एक नवा कागद कमी.

आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते. त्यांच्या शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून काढलं. एक कोपरा वाळवीने खाल्लेला, पानं सुतळीने बांधलेली. बोट फिरवत ते एका ओळीवर थांबले. जातीच्या रकान्यात होतं 'हिं. म. कोळी'. आबांनी तिथेच मुख्याध्यापकांच्या पाया पडून घेतलं. कार्यालयात विचारलं गेलं, म. म्हणजे कोण? महादेव कोळी, मल्हार कोळी, की मच्छीमार? पहिले दोन अनुसूचित जमातीत येतात, तिसरा येत नाही. त्या एका टिंबाने आमची वर्षं खाल्ली. शेवटी चुलत पणजोबांच्या मृत्यूची नोंद गावच्या कोतवाल बुकात सापडली, तीही मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंग लावून अक्षर लावलं. तिथे पूर्ण लिहिलं होतं, महादेव कोळी. आमच्यातलं कुणी शाळेत गेलेलं नसताना तो चुलत पणजोबा मेला आणि नोंद झाली म्हणून माझं शिक्षण वाचलं, असं आबा म्हणायचे.

म्हणून पक्कं लक्षात ठेव. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. पहिला प्रांत कार्यालयातून मिळतो, दुसरं पडताळणी समिती देते, आणि राज्याच्या कोट्यातली राखीव जागा दुसऱ्यावर टिकते. जमातीच्या दाव्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा सगळ्यात वजनदार. अनुसूचित जातींना ही तारीख १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला, म्हणजे काका, आत्या, चुलत भाऊ, वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत आधी मिळव. माझं झाल्यावर चुलत भावांना एवढा वनवास पडला नाही. आईकडचे कागद इथे चालत नाहीत, त्यात वेळ घालवू नकोस.

अकरावीतच कॉलेजमधून पत्र घेऊन अर्ज टाक. बारावीच्या निकालानंतर धावणाऱ्यांची रांग दरवर्षी बघते. कधी मुदतवाढ मिळते, कधी नाही. तिच्या भरवशावर राहू नये. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचे लोक चौकशीला घरी आले तर घाबरायचं नाही. कुलदैवत कोणतं, लग्नात काय करता, असं विचारतील. नळाचं पाणी आणि पक्कं घर बघून "तुम्ही आदिवासी वाटत नाही" म्हणणारेही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलंय की ही आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती जमातीशी जुळतात का हे बघणं, अखेरची कसोटी नव्हे. जुना कागद भक्कम असेल तर तोच बोलतो. गंमत म्हणजे ही सगळी पडताळणीची पद्धत ज्या १९९४ च्या निकालातून आली, तो खटला आपल्याच राज्यातला, वैद्यकीय प्रवेशाचाच आणि महादेव कोळी दाव्याचाच होता. खोटे दावे होतात म्हणून गाळणी आली. ती खऱ्यांच्याही पायात येते, हे मात्र मी बोलणारच.

आता मार्क. खरं सांगू? मार्क विचारूच नकोस, रँक विचार. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. पुढच्याच वर्षी पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. गेल्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचं गणित मांडणारा क्लासवाला तुला फसवतोय किंवा स्वतः फसलाय. तुला पात्रतेसाठी ४० पर्सेंटाइल लागतात, खुल्या गटाला ५०. पण पात्र होणं आणि सरकारी जागा मिळणं यात केवढी दरी आहे! राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या जुन्या निवड याद्या उघड आणि आपल्या गटातला शेवटचा रँक प्रत्येक कॉलेजला कुठे थांबला ते वहीत लिहून काढ. तीन वर्षांचं लिहिलंस की तुझं तुलाच कळेल.

आणि एक चूक करू नकोस. मागच्या वर्षी आपल्याच तालुक्यातल्या एका हुशार मुलाला घरच्यांनी राजस्थानात क्लासला पाठवलं, सोयीसाठी बारावीही तिकडचीच. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, हे त्यांना निकालानंतर कळलं. त्याच्या हातात उरला फक्त १५ टक्के अखिल भारतीय कोटा. लातूरला जा, पुण्याला जा, बारावी इथूनच दे.

दोन्ही दारं ठोठवायची. अखिल भारतीय कोट्याची नोंदणी एमसीसी या केंद्राच्या समितीकडे, राज्याची सीईटी सेलकडे. दोन्हींचे नियम वेगळे, तारखा वेगळ्या. पसंतीक्रम भरताना "मला काय मिळेल" याचा हिशोब न करता "मला काय हवं" त्या क्रमाने भर. वाटप रँकप्रमाणे वरून खाली होतं, वरचं नाव लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. फक्त मुंबईचं जे.जे. आणि पुण्याचं बी.जे. लिहून मोकळी होऊ नकोस. २०२४ मध्ये गडचिरोली, वाशीम, हिंगोली, जालना अशी दहा नवी सरकारी महाविद्यालयं एकदम आली, मिळून नऊशे जागांची. तीही लिही. पहिल्या फेरीत मिळालेली जागा आवडली तर स्टेटस रिटेन्शनचा अर्ज भरायचा, मग पुढच्या फेरीत ती हलत नाही. सोडायची असेल तर कोणत्या फेरीपर्यंत पैसे न गमावता सोडता येते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाच. हा नियम बदलत राहतो. मिळालेली जागा खुल्या गुणवत्तेत बसली तर ती खुल्यातूनच धरली जाते, हेही कळू दे 'कॅटॅगरीतून मिळेल' म्हणणाऱ्या मैत्रिणींना.

तुझ्या खोलीतल्या दोघींचंही विचारलंस. बीडची आहे तिला राज्यात एसईबीसीचे, म्हणजे मराठा आरक्षणाचे, दहा टक्के आहेत, पण केंद्राच्या यादीत ते नाही. अखिल भारतीय कोट्यात ती खुली. अटींत बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) केंद्राच्या नमुन्यातला दाखला तिने वेगळा काढावा. ओबीसी मुलींचंही असंच असतं, राज्याचं नॉन-क्रिमिलेअर तिकडे चालत नाही, केंद्राचा नमुना वेगळा. कानाला यंत्र लावणारी जी आहे, तिला कुणी "तुला डॉक्टरकीला घेणार नाहीत" म्हणालं असेल तर ऐकू नको म्हणावं. पाच टक्के जागा दिव्यांगांना आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपंगत्वाच्या नुसत्या टक्क्यावरून कुणाला बाद करता येत नाही, ती व्यक्ती अभ्यासक्रम पुरा करू शकेल का हे तपासावं लागतं. ज्या निकालात हे म्हटलंय तो मुलगा महाराष्ट्रातलाच. फक्त साधं अपंगत्वाचं प्रमाणपत्र पुरत नाही, प्रवेशासाठी नेमलेल्या केंद्रावर तपासणी करून घ्यावी लागते.

दारं अजूनही आहेत, लोकांना ठाऊक नसतात एवढंच. माझ्याकडे इंटर्नशिपला निपाणीचा एक मुलगा होता, सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठीच्या जागेवर आलेला. डोंगरी भागाचं आरक्षण आहे, सैनिकांच्या मुलांचं आहे, अनाथ मुलांचं आहे. पुण्यात एएफएमसी हे सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिक्षणाचा खर्च सैन्याचा, नंतर नोकरी सैन्यात, आणि नीटनंतर इंग्रजी-तर्काची आणखी एक परीक्षा. तुझा पिंड मला त्यातला वाटत नाही, पण माहीत असू दे.

पैशाचं थोडक्यात. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा काढ, शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर वेळेत भर. बीडच्या मैत्रिणीला सांग, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून, झालेला हवा. "सीट मॅनेज करून देतो" म्हणणाऱ्याचा फोन उचलू नकोस. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो. मी तो केला आणि तिथेच राहिले, तो वेगळा विषय.

भाषेचं तू भीतभीत लिहिलंस. आश्रमशाळेत दहावीपर्यंत तंतुकणिका आणि हरितलवक शिकलीस, अकरावीत एकदम मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट. मलाही पहिले सहा महिने आंतर्द्रव्यजालिका मनात म्हणूनच एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम ओळखावं लागायचं. नीट मराठीतून देता येते, पेपरात शेजारी इंग्रजीही असतं, आणि भाषांतरात गोंधळ झाला तर इंग्रजी ग्राह्य धरतात. म्हणून मराठी निवड किंवा नको निवडू, वहीत मात्र दोन रकाने आख. १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे आहेत, आणि ते बहुतेक एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळींवरून येतात. तुझं पाठांतर चांगलं आहे, हा तुझा प्रांत.

"कॅटॅगरीतून मिळेल तुला, कशाला एवढं जागतेस" असं म्हणणारी मुलगी तुझ्या शेजारच्या बाकावर आहे, असं लिहिलंयस. कॉलेजातही भेटेल. वाद घालत बसू नकोस. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा पेपर दोघींना एकच येतो, पासाची ओळ दोघींना पन्नासवरच. मला पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत दोनदा तोंडी परीक्षेत घाम फुटला होता. मुंबईच्या डॉक्टरांच्या मुलालाही फुटला होता, आम्ही दोघं एकाच कँटीनमध्ये रडलो.

दिवाळीत गावी येशील तेव्हा रविवारी सकाळी माझ्याकडे ये. मोडी वाचणारे एक जण माझ्या ओळखीचे आहेत. येताना आजीला घेऊन ये. चुलत आजोबा किती, कोण कुठल्या वाडीवर राहायचा, कुणाची पोरं कुठे शिकली, हे तिलाच माहीत. आजोबांचं नाव ती घेणार नाही, ते तू कागदावर लिहून आण. बाकीच्यांची ती सांगेल.

तुझी,
डॉक्टर मावशी