वाचक विचारतात : गुलामगिरीची गोष्ट मुलांना कशी सांगावी?

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. वाचनालयातून तिने अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचं इंग्रजी चित्रपुस्तक आणलं. रात्री मी मराठीत सांगत होते, तेवढ्यात साखळदंडांचं चित्र आलं आणि ती रडायला लागली. पुस्तक परत करू का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : लगेच परत करू नका, पण असली पुस्तकं झोपताना वाचू नका. मूल भीती घेऊनच झोपतं, प्रश्न विचारायला वेळच उरत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी वाचा. त्याआधी एकट्याने शेवटपर्यंत वाचून पाहा, की ज्याची गोष्ट आहे त्याला नाव आहे का आणि तो स्वतः किती पानांवर बोलतो. चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात, मोजायला पाच मिनिटं पुरतात. राबणारा सगळीकडे गप्प आणि सोडवायला आलेला गोरा माणूसच बोलतोय, असं दिसलं तर मात्र पुस्तक खुशाल परत करा. अशा गोष्टींतून मुलं त्या माणसांना कायमचं बिचारं समजायला लागतात.

सांगताना ‘गुलाम’ असं नुसतं न म्हणता ‘ज्यांना गुलाम करून ठेवलं होतं ती माणसं’ म्हणा. वाक्य लांबतं खरं, पण ‘कोणी ठेवलं?’ हे मूल आपणहून विचारतं. तेव्हा आडपडदा नको. मालकांना फुकट राबणारी माणसं हवी होती आणि कायदाही मालकांचाच होता, 1865 मध्ये घटनादुरुस्तीने तो बदलला, एवढं सात वर्षांच्या मुलीला समजतं.

या वयाला फ्रेडरिक डग्लसचं लहानपण फार छान पोचतं. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेला हा मुलगा पुढे तिच्याविरुद्ध लढला. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने ते बंद पाडलं. मग तो बरोबर पाव घेऊन बाहेर पडायचा, रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. लिहिणं शिकला जहाजांच्या कारखान्यात. सुतार जहाजाच्या डाव्या बाजूच्या लाकडावर ‘एल’ आणि उजव्या बाजूच्या लाकडावर ‘एस’ अशी खूण करत. ती अक्षरं त्याने खडूने कुंपणांवर, भिंतींवर गिरवली. तुम्हीही फरशीवर जहाज काढून मुलीला खडू द्या. मग सांगा, की हा मुलगा 1838 मध्ये निसटला आणि 1845 मध्ये त्याने आपली कहाणी स्वतः लिहून छापली.

आणखी एक. घरात कोणी ‘उन्हात जाऊ नकोस, काळी होशील’ म्हणत असेल तर ते आधी थांबवा. पुस्तक एकदा वाचून होतं, हे वाक्य रोज कानावर पडतं.

प्रश्न : पाचवीच्या वर्गात गुलामांच्या लिलावाचं छोटं नाटुकलं बसवावं का? वर्गात 50 मुलं आहेत. जात आणि वंश एकच, असं सांगितलं तर चालेल का?
– एक शिक्षक, परळ

उत्तर : नाटुकलं नको. विकला जाणारा म्हणून सावळं, नाहीतर मुकाट ऐकणारं मूलच पुढे ढकललं जातं, आणि मधल्या सुट्टीत तेच नाव त्याला चिकटतं. त्यापेक्षा मुक्ता साळवेचा निबंध घ्या. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांचं दुःख लिहिलं, ते 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलं. मजकूर जुन्या वळणाचा आहे, म्हणून चार-पाच वाक्यंच फळ्यावर लिहा आणि अडलेले शब्द आधी सोडवा. मग 15 मिनिटं द्या. ‘मला बोलू दिलं नाही तेव्हा…’ इथून प्रत्येकाने पाच वाक्यं लिहायची, कागदावर नाव घालायचं नाही. त्या कागदांवर लाल पेन चालवू नका. शुद्धलेखनाच्या खुणा दिसल्या की पुढच्या वेळी मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितात. विचारल्याशिवाय मोठ्याने वाचूही नका.

जात आणि वंश एकच, असं सांगू नका, शेजारी ठेवून दाखवा. दोन्हींत जन्मावरून माणसाची जागा ठरते. तिथे माणसाच्या विक्रीचा कागद व्हायचा. इथे तसा कागद नसतानाही पाणवठा, देऊळ, शाळा बंद असे. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, ती हे साम्य ओळखूनच. ती अर्पणपत्रिका पाचवीतही वाचता येते.

प्रश्न : आपल्याकडची अशी एखादी गोष्ट आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : मलिक अंबर आहेच. इथिओपियातून विकला गेलेला मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ता झाला. पण मुलांना सांगायला जेकब वेनराइट घ्या. ब्रिटिश नौदल गुलामांची जहाजं पकडून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मुंबईत उतरवत असे, आणि त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली. जेकब तिथलाच. पुढे तो स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या आफ्रिकेतल्या तांड्यात होता. 1873 मध्ये ते तिथेच वारले, तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचं नाव त्याने कोरलं, कारण लिहिता येत होतं. शव किनाऱ्यापर्यंत नेण्याच्या महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासाची रोजनिशीही त्याने ठेवली. गोष्ट सांगताना भिंतीवर नकाशा लावा आणि मुंबई, नाशिक, आफ्रिकेचा पूर्व किनारा ही ठिकाणं मुलांनाच बोटाने जोडू द्या.