पहिला प्रोग्राम हळदीच्या पोत्यांचा कर

प्रोग्रामिंगची पहिली भाषा कोणती, सी का पायथॉन, यात आठवडा घालवू नकोस. कॉलेजात सी असेल तर सी, नाहीतर सरळ पायथॉन घे. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच स्क्रीनवर खाली 'पाथ'ची चौकट असते, तिथे टिक कर. ती राहिली की कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीला, पायथॉन सापडत नाही. शिकायच्या व्हिडिओत प्रिंट या कमांडला कंस नसेल तर तो पायथॉन २ चा, २०२० साली बंद झालेला. सोडून दे.

मग सांगलीच्या यार्डातल्या हळदीचा हिशेब कर. दोन पोत्यांची वजनं विचार आणि आधी नुसती बेरीज प्रिंट कर. ५० आणि ४८ टाकलंस की ९८ ऐवजी ५०४८ दिसेल! इनपुटमधून येतो तो आकडा नव्हे, मजकूर. आणि मजकुराची बेरीज म्हणजे नुसती चिकटवाचिकटवी. म्हणून प्रत्येक इनपुट फ्लोटच्या (दशांश आकड्याच्या) कंसात घाल. इंट (पूर्णांक) घातलंस तर ४८.५ ला एरर येईल. दर क्विंटलचा असतो, तेव्हा रक्कम काढताना किलोंना १०० ने भाग. भागायचं राहिलं तर ती चूक मात्र पायथॉन दाखवणार नाही, व्यापारी दाखवेल.

एरर आली की आधी शेवटची ओळ वाच, मग ओळीचा नंबर बघ. त्या ओळीत काही सापडलं नाही तर वरच्या ओळीत कंस उघडा राहिलाय का ते तपास. इंडेंटला, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या जागेला, चार स्पेस दे, त्यात टॅब मिसळू नकोस.